रुमालाखालचा सौदा

माझा हात पहिल्यांदा हातात घेतला तो साठीला आलेल्या एका माणसानं, भरदिवसा, तीस-पस्तीस माणसांच्या देखत. आणि मी किंचाळले. नुसती किंचाळले नाही, खुर्चीवरून ताडकन उठताना की-बोर्डही खाली पाडला. बाजार चालू होता. कुणाची तरी ऑर्डर अर्धी राहिली, तो माझ्या नावानं ओरडला, आमचे शेठ केबिनमधून धावत आले, आणि या सगळ्या गोंधळात तो माणूस हातात पांढरा रुमाल धरून तसाच उभा होता. त्याचा चेहरा बघून कुणालाही वाटलं असतं की धक्का मला नाही, त्यालाच बसलाय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकती बी.कॉम. झाले होते. हातकणंगल्याहून सकाळच्या रेल्वेनं कोल्हापूरला यायचे आणि शाहूपुरीत एका शेअर दलालाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. गच्चीवर मोठी डिश, खाली एक लांबट खोली, भिंतीशी तीन कॉम्प्युटर आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं. ही माणसं सकाळी दहाला यायची आणि साडेतीनला बाजार बंद झाला की जायची. सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकायचा, फार तर चार दिवस सांभाळायचा, हा त्यांचा उद्योग. ते तोंडानं सांगायचे, "ताई, अमुक शंभर घ्या," की मी एफ-वन दाबायचे, म्हणजे खरेदी. "विका" म्हटलं की एफ-टू. पुरुषांच्या गराड्यात बसायचं काम म्हणून घरात आधीच कुरकुर होती. आईची अट एवढीच की कुणाशी जास्त बोलायचं नाही. हात धरण्याबद्दल अट घालायचं तिला सुचलंही नसेल.

"अण्णा, हे काय?" शेठनी विचारलं.

"काय म्हंजे? सौदा सांगत हुतो की," तो माणूस म्हणाला. "ही पोरगी वरडायला लागली."

तर हे अण्णा. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतर, आणि खांद्यावर रुमाल. गाव कर्नाटकच्या सीमेवरचं, त्यामुळे रागावले की कानडीतून रागवायचे. आयुष्य कोल्हापूरच्या गूळ बाजारात अडत करण्यात गेलेलं. त्यांच्या उमेदीत तिथं भाव तोंडानं बोलत नसत, असं ते सांगायचे. गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, ढीग मध्ये, घेणारा आणि देणारा समोरासमोर, दोघांच्या हातांवर एक रुमाल, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला कळायचं नाही. हात सोडला की सौदा झाला. मग कुणी 'मला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणायचं नाही, आणि कुणी 'नक्की ना?' असंही विचारायचं नाही. विचारलं की भाव फुटला.

गुळातून मन उडालं म्हणून म्हणा, किंवा बाजाराची खाज कुठंतरी खाजवायची म्हणून म्हणा, अण्णा शेअरमध्ये आले. पण येताना रुमाल घेऊन आले. शेठ म्हणाले, चिठ्ठीवर लिहून द्या. अण्णा म्हणाले, "चिठ्ठी पडती, उडती, दुसराच वाचतोय. हात कोण वाचणार हाय?" शेठ म्हणाले, कोणता शेअर ते तर सगळ्यांना दिसणारच. त्यावर अण्णा म्हणाले, "दिसंना का. ढीग समद्यांलाच दिसतोय. बोट दिसाय नगं."

मी मात्र ठाम नाही म्हणाले. नोकरी गेली तरी चालेल, पण हे नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा बायकोला घेऊन आले. मी थक्क झाले. त्या खोलीत माझ्याखेरीज दुसरी बाई कधी आलेली मी पाहिली नव्हती. काकू ठेंगण्याशा, नऊवारी, हातात कापडी पिशवी. कुणाकडं न बघता सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे बघ बाळ, मी सांगतो तुला. चाळीस वर्सं झाली, ह्यांनी बाजारातल्या हजार माणसांचं हात धरल्यात. माझा एकदाबी धरला न्हाय. तुझा काय वाईट नजरेनं धरत्यात व्हय?"

खोली फुटली हसून. अण्णा लाल झाले आणि पंख्याकडं बघू लागले. मग काकूंनी पिशवीतून धुतलेले दोन रुमाल काढले. एक माझ्या हाताभोवती गुंडाळला, दुसरा वरून टाकला आणि म्हणाल्या, "आता कातडीला कातडी लागत न्हाय. दे हात." मी दिला. का दिला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आईला मी ही गोष्ट आजतागायत सांगितलेली नाही.

भाषा सोपी होती. माझी जितकी बोटं ते धरतील तितके शंभर शेअर. त्यानंतर माझा अंगठा दाबला तर घे, करंगळी दाबली तर दे. सगळी मूठच धरली तर जेवढा माल जवळ आहे तेवढा, होतं-नव्हतं सगळं. "पर मूठ मी कदी धरणार न्हाय," ते म्हणाले, "मूठ धरतोय तो बाजारातनं उठतोय." शेअरचं नाव तेवढं तोंडानं, तेही नाव नाही, स्क्रीनवरची ओळ. "अक्का, चौथी वळ." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते अक्का म्हणायचे. कंपनी काय करते, सिमेंट की औषधं, याची त्यांना कणभरही पडलेली नव्हती. चौथी ओळ म्हणजे चौथा ढीग.

ओळ सांगण्याआधी ते पुढं व्हायचे आणि गुळाच्या रव्यावर मारावी तशी स्क्रीनच्या काचेवर नखानं टिचकी मारायचे, कान लावून ऐकायचे. एकदा शेठचा एक मुंबईचा पाहुणा हे बघून हसायला लागला, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, "पावणं, ओला माल हाय. उद्या पाणी सुटंल." दुसऱ्या दिवशी तो शेअर खरंच ढेपाळला. योगायोग असणार. पण त्या पाहुण्याचं हसू बंद झालेलं मी पाहिलं.

खिशात कायम कागदात बांधलेला गुळाचा खडा. नफा झाला की खोलीत वाटायचा, तोटा झाला तरी वाटायचा, आणि वाटताना स्वतःच्या तोंडात एक टाकायचाच. मी दिलेल्या सौद्याच्या छापील पावत्या त्याच खिशात कोंबायचे. वाचायचे कधीच नाहीत. "हात हाच कागद," म्हणायचे. महिन्याभरानं काकू तो खिसा उलटा करायच्या तेव्हा पावत्यांना मुंग्या लागलेल्या असायच्या.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून चूक झाली. त्यांनी दाबला अंगठा, मी घाईत दाबलं एफ-टू. घ्यायच्या जागी विकलं. कळेपर्यंत शेअर वर पळाला होता. तोटा माझ्या तीन पगारांइतका. मी रडत रडत त्यांना सांगितलं आणि शेठच्या केबिनकडे निघाले, तर अण्णांनी मला अडवलं.

"हात सोडला हुता न्हवं मी?"

"सोडला होता."

"मग सौदा माझा. बस खाली."

"पण अण्णा, चूक माझी आहे. मला शंका आली होती, तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

"इचारलं न्हाईस तेच ब्येस केलंस," ते म्हणाले. "इचारलं असतंस तर भाव फुटला असता. माझ्या हाताखालच्या माणसानं इचारायचं नसतंय." आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. माझ्या हातून दहाची नोट हरवली म्हणून बापानं मला आठवडाभर बोलून घेतलं होतं.

त्यानंतर मी चुकले नाही, आणि विचारलंही नाही. वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. खोलीत मला 'रुमालवाली ताई' म्हणायला लागले. अण्णांनी घेतलं की विकलं हे कळावं म्हणून लोक माझा चेहरा वाचायला बघायचे. त्यात सगळ्यात पुढं एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले साहेब. निवृत्तीचे पैसे घेऊन आले होते, वहीत आलेख काढायचे, आणि अण्णांच्या शेजारची खुर्ची पकडून बसायचे. अण्णा त्यांना इतक्या वर्षांनीही 'पावणं'च म्हणायचे. साहेब मला अधूनमधून भेळ आणून द्यायचे आणि हळूच विचारायचे, "आज काय, वर का खाली?" मी भेळ खायचे आणि चेहरा दगडासारखा ठेवायचे. खोटं कशाला बोलू, त्या दगडी चेहऱ्याचा मला गर्व झाला होता.

मग एकदा बाजार असा पडला की खोलीतली निम्मी माणसं विकून मोकळी झाली आणि उरलेली विकायला रांगेत उभी राहिली. त्या दिवशी अण्णांनी माझी पाचही बोटं धरली आणि अंगठा दाबला. मी त्यांच्याकडं बघितलं, ते भिंतीकडं बघत होते. मी घेतलं. आठवड्याभरात तो शेअर असा उसळला की शेठसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन अण्णांच्या पाया पडल्यासारखं करून गेले. "समदी इकत्यात तवा घ्यायचं," अण्णा गूळ वाटत म्हणाले, "आन् समदी घेत्यात तवा हात धुवायचं." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्याही डोक्यात ते पक्कं बसलं.

काकू संक्रांतीला मला घरी बोलवायच्या. मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, चाळीस वर्षं त्याच. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नाही. धूर जायला वरचं एक कौल सरकवलेलं, तेवढंच. दोन हजार चारच्या संक्रांतीला त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि दार लोटून घेतलं. गूळ बाजारातला गाळा अण्णांनी विकला होता. राजारामपुरीत एक छोटा फ्लॅट ठरला होता, आणि मे महिन्याच्या अखेरीला बिल्डरला पैसे द्यायचे होते.

"वट्याच्या वरच खिडकी हाय," त्या म्हणाल्या. ओट्यावरची ती खिडकी त्यांनी मला हातानं मोजून दाखवली. "पर पैसा घरात गप बसला तर ह्यांचा हात वळवळतोय. समदा न्हेऊन तुमच्यात घातलाय. मे म्हैना आला की काढा, एवढंच मागतो मी. तू बघ जरा, बाळ."

"बघते की काकू," मी म्हणाले. "अण्णांचा हात माझ्याच हातात असतो."

तो सगळा पैसा त्या दिवसांत चौथ्या ओळीत होता.

आता मागं वळून बघितलं की कळतं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. अण्णांची पकड बदलली होती. कधी इतकी जोरात की माझी बोटं कळवळायची, कधी इतकी ढिली की रुमालच हलल्यासारखा वाटायचा. दोन-तीनदा अंगठा आणि करंगळी दोन्हींवर दाब आला. मी अंदाजानं काय ते ठरवलं आणि कळ दाबली. दुसऱ्या दिवशी अण्णा स्क्रीनकडं जरा जास्त वेळ बघत बसले, पण बोलले काही नाहीत. आणि चहा. चहावाला उकळत्या चहाचे काचेचे ग्लास आणायचा. आम्ही सगळे कडेला धरून फू-फू करत प्यायचो. अण्णा मात्र सगळा पंजा ग्लासाला लावून निवांत धरायचे. साहेब म्हणायचे, "अण्णांचं कातडं गुळाच्या काहिलीवर भाजलेलं आहे!" सगळे हसायचे. मीही हसायचे.

मे महिना आला. निवडणुकीचे निकाल लागले, कुणालाच वाटले नव्हते तसे लागले, आणि शुक्रवारी सकाळी बाजार उघडला तोच घसरत. अण्णा आले. गूळ नाही, टिचकी नाही. टोपी कपाळावर ओढलेली. "चौथी वळ," म्हणाले आणि रुमाल टाकला.

त्यांनी माझी सगळी मूठ धरली.

सात वर्षांत पहिल्यांदा. मग अंगठ्यावर दाब आला, चांगला घट्ट. आणि करंगळीवरही काहीतरी लागलं. लागलं म्हणजे अगदी चाटून गेलं. अंगठा म्हणजे घे. होतं तेवढंच आणखी घे. मला काकूंची खिडकी आठवली, बिल्डर आठवला. अण्णांकडं बघितलं तर ते नेहमीसारखे भिंतीकडं बघत होते. साहेब मान लांब करून माझा चेहरा वाचत होते. 'अण्णा, घ्यायचं ना?' एवढंच विचारायचं होतं मला. पण समदी इकत्यात तवा घ्यायचं. आणि रुमालवाली ताई विचारत नसते. मी चेहरा दगडाचा केला आणि एफ-वन दाबलं. पैसे लगेच भरायचे नव्हते, जुना माणूस म्हणून शेठनी उधारीची जादा मर्यादा दिलेली होती, सौदा लगेच झाला.

अण्णांनी हात सोडला. पावती खिशात कोंबली. "चला, घरी जातो आता," म्हणाले आणि साडेदहाला जिना उतरून गेले. इतक्या लवकर ते कधीच जात नसत. तेव्हाच मी जिन्यावरून त्यांच्यामागं धावायला पाहिजे होतं.

सोमवारी बाजार उघडला आणि पहिल्या काही मिनिटांतच कोसळला. कोसळला म्हणजे सौदे थांबवावे लागले, स्क्रीन गोठले. पुन्हा उघडला, पुन्हा कोसळला, पुन्हा बंद. मी असा दिवस पाहिला नव्हता. विकायचं म्हटलं तरी घ्यायला समोर कुणी नव्हतं. साहेबांनी वहीवर डोकं टेकलं होतं. एक माणूस भिंतीला टेकून खाली बसला आणि उठलाच नाही; चहावाल्यानं त्याला पाणी दिलं.

आणि अकराच्या सुमाराला अण्णा आले. हसत. हातात फडक्यात बांधलेलं गुळाचं मोठं ढेकूळ. दारातच त्यांनी ते खुर्चीवर आपटून फोडलं आणि एकेकाच्या हातावर खडा ठेवत निघाले. "घ्या पावणं, जीव हाय तर बाजार हाय. मी म्हटलं न्हवतं? मूठ धरतोय तो उठतोय. आपण शुक्कारीच मोकळं झालो बघा."

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना.

ते माझ्यापाशी आले. गुळाचा सगळ्यात मोठा खडा माझ्या की-बोर्डशेजारी ठेवला. "अक्का, तुझ्या हातानं काकूचं घर झालं. वास्तुशांतीला यायचं, आईला घिऊन यायचं."

खोलीतला प्रत्येक माणूस आमच्याकडं बघत होता. मी उभी राहिले, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, टेबलावर टाकला आणि त्याखाली हात पुढं केला. सात वर्षांत पहिल्यांदा मी. अण्णांना गंमत वाटली. त्यांनी हात दिला. मी त्यांची मूठ धरली आणि अंगठा दाबला.

ते माझ्याकडं बघत राहिले. "हं, बोल की."

मी आणखी जोरात दाबला.

"काय सांगतीयास? दाब की गं."

मी दोन्ही हातांनी दाबला. नखं रुतवली. माझीच बोटं पांढरी पडली, दुखायला लागली. अण्णा हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते, मी कधी दाबते याची. तेव्हा मला कळलं. या माणसाला बोटंच नव्हती. दिसायला होती, पण नव्हती. चहाचा ग्लास, ढिली पकड, घट्ट पकड, सगळं एका दमात डोळ्यांपुढं आलं. आपण कुठलं बोट दाबतोय हे रुमालाखाली त्यांचं त्यांनाच किती दिवस कळत नव्हतं, देव जाणे.

"अण्णा," मी म्हणाले, आणि त्या खोलीत पहिल्यांदा त्यांचा सौदा तोंडानं बोलले, "शुक्रवारी आपण विकलं नाही. घेतलं. होतं तेवढंच आणखी घेतलं."

अण्णांनी रुमाल बाजूला केला. त्यांच्या अंगठ्यावर माझ्या नखांचे खोल वण उठले होते, एकातून रक्त आलं होतं. ते त्या रक्ताकडं बघत राहिले, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. मग खिशातून शुक्रवारची पावती काढली, गुळानं चिकटलेली, उलगडली आणि पहिल्यांदा वाचली.

"हात सोडला हुता मी?"

"अण्णा, पण..."

"सोडला हुता का न्हाय?"

"सोडला होता."

"मग झालं," ते म्हणाले. "सौदा माझा."

साहेब उठून उभे राहिले. "अहो, चूक तिची आहे! भांडा की!" त्या दिवशी स्वतः बुडालेला माणूस दुसऱ्यासाठी भांडायला उठला, याचंही मला आश्चर्य वाटतं. अण्णा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "पावणं, तुमी गप बसा." शेठ केबिनच्या दारात उभे होते. अण्णांचे शब्द ऐकून, भरपाई टळली म्हणून, त्यांचा चेहरा सैल पडलेला मी पाहिला, आणि मला त्यांची किळस आली. बाजार तिसऱ्यांदा उघडला तेव्हा उधारी वसूल करायला त्यांनी अण्णांचा सगळा माल मिळेल त्या भावाला विकून टाकला. गाळ्याचे बहुतेक पैसे त्यात गेले. दुसऱ्याच दिवशी बाजार वर आला.

मी त्या महिन्याचा पगार न घेता नोकरी सोडली. पुढं जयसिंगपूरला एका शाळेत कारकून म्हणून लागले आणि तिथंच निवृत्त होईन. पण मंगळवार पेठेत जायला मला दोन महिने लागले.

दार काकूंनी उघडलं. मला वाटलं होतं दारातून हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. धुरानं त्यांचे डोळे लाल होते. "साखर हाय म्हणं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांमागं डॉक्टरनं सांगितलं हुतं ह्यांना. बोटं बधिर झालीत, आता पायबी. मला बोललं न्हाईत. तव्यावरची भाकरी हातानं उचलायचं, मला वाटायचं सवय हाय." "बोटं गेल्याली कळलं तर बाजारात कोण हुबा करंल, म्हणत्यात."

अण्णा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. टोपी नव्हती. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि जे साहेबांना, शेठना, घरात कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. शुक्रवारी अंगठ्यावर दाब होता, पण करंगळीही लागली होती. मला शंका आली होती. काकूंचं बोलणं आठवलं होतं. मे महिना आठवला होता. तरी मी विचारलं नाही.

मला वाटलं, आता म्हणतील, इचारलं न्हाईस तेच ब्येस केलंस.

"शंका आली हुती?" ते म्हणाले.

"हो."

"मग इचारायचंस की गं, पोरी!"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो घेतला असता. ते नुसते चकित झाले होते, एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही म्हणून. अक्का नाही, पोरी म्हणाले. सात वर्षांपूर्वीचं त्यांचंच बोलणं त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी आठवण करून दिली नाही.

त्यांना दाराबाहेर कट्ट्यावर बसायचं होतं. काकू आल्या, त्यांचा हात धरला आणि उठवलं. पायांना जमीन लागत नव्हती, म्हणून ते पावलं मोजून टाकत होते. उंबऱ्याशी अण्णा थांबले.

"धरलायस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"धरलाय," काकू म्हणाल्या.

एक पाऊल. अण्णा पुन्हा थांबले. हात काकूंच्या हातात घट्ट होता, मला दिसत होता, काकूंच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"सोडलास काय गं?"

"न्हाय सोडला. धरलाय की. चला."

मी चपला घातल्या आणि बोळातून बाहेर आले. वळणापर्यंत मला मागून ऐकू येत होतं. ते विचारत होते, आणि काकू दर वेळी सांगत होत्या.